संसार आणि सरहद्द

(आकाशवाणीवरील भाषण)

आजचा विषय माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराने निवडावा, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. कायद्याचा पंडित नव्हे. साताऱ्यास मुलांना इतिहास शिकविण्यात आयुष्य गेले आणि आता सांगलीस मुलाकडे राहतो. परंतु गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले, आणि तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

हा मुलगा हुशार. परदेशी गेला, तेथे नोकरीत स्थिरावला. तेथील कायद्याप्रमाणे त्याने रीतसर विवाह केला. मात्र तो एका पुरुषाशी. साताऱ्यास त्याची आई एकटी असते. तिची दृष्टी मंदावली आहे. उरलेली वर्षे तिच्याजवळ काढावीत, अशी त्याची इच्छा. परंतु त्याचा सहचर परका नागरिक. तो येथे पाहुणा म्हणून मोजक्या दिवसांपुरता येऊ शकतो. घरचा मनुष्य म्हणून राहू शकत नाही. पत्राच्या अखेरीस त्याने लिहिले होते, "गुरुजी, आईला सोडू की घर सोडू, एवढे सांगा."

हा पेच त्याच्या एकट्याचा नव्हे. अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅडम्स नावाचा नागरिक आणि टोनी सलिव्हन नावाचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ या दोघांनी १९७५ च्या एप्रिलमध्ये कोलोराडो संस्थानातील बोल्डर येथे विवाह केला. तेथील महिला अधिकाऱ्याने त्यांना परवाना दिला होता. अ‍ॅडम्सने पतीसाठी वास्तव्याचा अर्ज केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारी खात्याचे उत्तर आले. अशा दोघांमध्ये खरे वैवाहिक नाते असू शकते हे सिद्ध झालेले नाही, असा त्यातील मजकूर होता. आणि त्या दोघांना उद्देशून जो शब्द वापरला होता तो सभ्य घरात उच्चारण्याजोगा नव्हे. हा मजकूर सरकारी कागदावर, सही करून पाठविलेला!

पुढे दहा वर्षे दोघे न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा विवाह मानण्यास नकार दिला. १९८५ मध्ये, सलिव्हनला देशाबाहेर घालविल्याने फार मोठी आपत्ती ओढवणार नाही, असा निवाडा झाला. तो लिहिणारे न्यायमूर्ती होते अँथनी केनेडी. दोघांनी देश सोडला, वर्षभर युरोपात भटकले, आणि अखेर परत येऊन गुपचूप राहू लागले. डिसेंबर २०१२ मध्ये अ‍ॅडम्स वारला. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २६ जून २०१३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह मध्यवर्ती सरकारने मानलेच पाहिजेत असे ठरविले. आणि तो निवाडा लिहिणारेही न्यायमूर्ती केनेडीच! २०१६ मध्ये सलिव्हनला वास्तव्याचा परवाना मिळाला, तो अ‍ॅडम्सचा विधुर म्हणून. जुन्या पत्राबद्दल सरकारने क्षमाही मागितली. पण ती वाचावयास अ‍ॅडम्स कोठे होता?

श्रोतेहो, आपणांस वाटेल की ही परमुलखातील कथा. म्हणून घरची एक सांगतो. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. एका मुसलमान गृहस्थाची पत्नी हिंदुस्थानातून त्याच्याकडे निघाली होती. तिला प्रवेश नाकारण्यात आला, आणि न्यायालयाने तो नकार कायम केला. तिचा विवाह त्या देशाच्या कायद्यात बसत नव्हता. एका निकालाने तेथील हिंदू, मुसलमान, पारशी स्त्रियांच्या लग्नांचा कायदेशीर आधारच गेला. आपण कायद्याच्या दृष्टीने पत्नी नाही, हे ऐकून कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगली. इकडे नामदार गोखल्यांनी देशभर निधी जमविला. १९१४ मध्ये कायदा बदलला. त्या वेळी आपले म्हणणे साधे होते: आमचे लग्न आम्ही केले, ते खरे आहे, तुमच्या पद्धतीचे नाही म्हणून आमची माणसे बंदरावरून परत पाठवू नका.

आता आपल्या घराकडे पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या अशा खाजगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. ते काम संसदेचे, असे सांगितले. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात ७-अ हे कलम आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारास, विवाह नोंदलेला असून दोन वर्षे टिकला असेल तर, येथे दीर्घकाळ राहण्याची सवलत त्यात आहे. कलमात शब्द जोडीदार असाच आहे, पुरुष वा स्त्री असा नाही. न्यूयॉर्कमध्ये लग्न झालेल्या एका जोडप्याने २०२१ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला, तेव्हा सरकारने विरोध केला: विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचाच.

कोणी म्हणतील, अशाने खोटी लग्ने दाखवून लोक देशात शिरतील. शंका रास्त आहे. पण ती स्त्री-पुरुषांच्या लग्नालाही तितकीच लागू पडते, आणि तिच्यासाठीच तर दोन वर्षांची अट आहे. तीच कसोटी यांना लावावी. कोणी म्हणतील, हे आमच्या रूढीत नाही. मान्य. परंतु येथे कोणाला मंगलाष्टके म्हणावयास बोलाविलेले नाही. एका मुलाला आईची सेवा करावयाची आहे आणि त्यासाठी संसार मोडावयाचा नाही, एवढेच मागणे आहे.

साताऱ्याच्या माणसाला हे समजणे कठीण जाऊ नये. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि राज्य खालसा केले. दत्तक झाला होता; फक्त कलकत्त्याच्या दप्तराला तो दिसला नाही. हा धडा मी वर्गात किती वेळा संतापाने शिकविला! आणि हाच विद्यार्थी पूर्वी एकदा माझ्याकडे मन मोकळे करावयास आला, तेव्हा मी काय सांगितले? "चांगल्या घरची मुलगी पाहून लग्न कर, सारे ठीक होईल." त्याने ऐकले नाही, हे एका अज्ञात मुलीचे भाग्य. माझ्या दप्तरालाही तो दिसला नव्हता.

पत्राचे उत्तर लिहिण्यापूर्वी मी साताऱ्यास त्याच्या आईकडे गेलो. विषय कसा काढावा हे मला सुचेना. त्याच म्हणाल्या, "मास्तर, तो मागल्या वर्षी महिनाभर आला होता. माझे डोळ्यांचे औषध तोच वेळेवर घालायचा. जाताना पाया पडला. त्याला काय म्हणून हाक मारावी, ते मला अजून कळले नाही. पण तो पुन्हा कधी येईल, ते विचारा ना."

तो प्रश्न मी पत्रात जसाच्या तसा लिहिला आहे. आई सोड वा घर सोड, असे मात्र मला लिहवले नाही. त्याचे उत्तर देणे माझ्या अखत्यारीत नाही. ज्यांच्या आहे, त्यांच्या कानी तो पडावा म्हणून आज आपणांपुढे बोललो.