चुनखडीच्या मुलखात एकटाच

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तिथे सेटल म्हणून एक लहानसे बाजाराचे गाव आहे आणि आगगाडीने त्याच्या पुढचेच स्टेशन हॉर्टन. गाडी हे अंतर काही मिनिटांत तोडते. मी मात्र डोंगरांतून वळसा घालून, दोन दिवस पायी चालून हॉर्टनला जायचे ठरवले. आधीच सांगून टाकतो, हॉर्टनला मी पोचलोच नाही. का पोचलो नाही, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

जवळच्या लीड्स शहरात माझा पुतण्या राहतो. त्याच्याकडे मुक्काम होता. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. तिकडे त्या दिवसांत सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. पाठीवरच्या पिशवीत पाव, चीज, नकाशा, होकायंत्र, विजेरी आणि कोरडे मोजे भरले. निघताना सूनबाई म्हणाली, "काका, एकटे चालला आहात. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता पोचणार, ते या कागदावर लिहून द्या. उद्या पाचपर्यंत तुमचा फोन आला नाही, तर मी पोलिसांना कळवीन." मला हसू आले. सह्याद्रीच्या वाटा तुडवीत मी लहानाचा मोठा झालो! पण तिचे मन मोडवेना, म्हणून लिहून दिले.

हा सगळा मुलूख चुनखडीच्या दगडाचा. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या रसाचा, काळ्या कातळाचा. इथला दगड करडा-पांढरा आणि त्याचा जन्म समुद्रातला. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. शिंपल्यांचे, प्रवाळांचे थर तळाशी साचत गेले आणि त्यांचा दगड झाला. आपली शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीचीच. तिच्या ताज्या फुटलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहा, बारीक फेस येईल. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बाम्ल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, घेऊन किंचित आंबट होते आणि लिंबाचेच काम हजारो वर्षे सावकाश करीत राहते. दगड विरघळतो, भेगा रुंदावतात, पोटात गुहा तयार होतात.

सेटलच्या वर व्हिक्टोरिया नावाची अशीच एक गुहा आहे. तिच्यात सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची पाणघोड्यांची आणि गेंड्यांची हाडे सापडली. थंडीने कुडकुडत मी तिच्या तोंडाशी उभा होतो आणि इथे एके काळी पाणघोडे होते, हे मनाला पटत नव्हते!

पुढे एक शेतकरी पडलेला गडगा रचीत होता. होय, आपल्या कोकणात असतो तसाच, माती-चुन्याशिवाय नुसत्या दगडांचा गडगा. डोंगरमाथ्यापर्यंत असे मैलोन् मैल गडगे तिथे गेले आहेत. तो म्हणाला, "एका दगडावर दोन, दोहोंवर एक. एवढं सांभाळलं की भिंत उभी राहते." शेजारी त्याच्या मेंढ्या चरत होत्या आणि कित्येकींच्या पाठीवर रंगाचा डाग होता. कारण विचारले, तर म्हणाला, "एडक्याच्या छातीला रंग लावतो. डाग उमटला की मेंढी फळली असं धरायचं." नोव्हेंबरात फळलेली मेंढी वसंतात, हिरवा चारा आला की विते. आपल्या धनगरबांधवांना यातले गणित सांगायला नको.

पहिला मुक्काम मॅलम गावी झाला. सकाळी गावामागचा कडा पाहिला. सुमारे ८० मीटर उंच, अर्धवर्तुळाकार, जणू दगडाची भिंतच. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळले, तेव्हा त्यावरून नदी कोसळत असे. आता तो कोरडा असतो. फक्त २०१५ सालच्या ६ डिसेंबरला, मोठ्या वादळी पावसानंतर, त्यावरून पुन्हा धबधबा पडला. सुमारे ४०० पायऱ्या चढून माथ्यावर गेलो. वर नांगरल्यासारखा चिरलेला खडक पसरलेला. भेगांत डोकावले, तर वाऱ्यापासून लपून हिरवेगार नेचे उगवलेले. दगड ओला आणि निसरडा, त्यामुळे एकेक पाऊल मोजून टाकावे लागले.

आणखी वर एक तळे आहे. त्याखाली पाणी न झिरपणारा दगड आहे, म्हणून ते टिकले. तळ्यातून ओढा निघतो आणि चुनखडीवर येताच, थोडे अंतर वाहून, जमिनीत नाहीसा होतो. इकडे कड्याच्या पायथ्यातून एक ओढा बाहेर पडतो. तुम्ही म्हणाल, तोच हा! मलाही तसेच वाटले होते. पण अभ्यासकांनी पाण्यात रंग आणि क्षार मिसळले, खाली झऱ्याझऱ्यावर पहारा ठेवला, तेव्हा कळले की तळ्याचे पाणी मुख्यतः मॅलम गावाच्याही खाली निघते. कड्याखालचा ओढा वेगळ्याच ठिकाणी बुडालेल्या पाण्याचा. डोळ्यांना सरळ दिसली ती वाट खरी नव्हती.

इथून मी पेनाइन वे धरली. १९६५ साली खुली झालेली ही सुमारे ४३० किलोमीटरची पायवाट. फाउंटन्स फेल नावाच्या ६६८ मीटर उंच डोंगरावर चढलो आणि धुके उतरले. हात लांब केला तर बोटे अंधूक दिसावीत असे धुके! माथ्यावर जुन्या कोळशाच्या खाणींची तोंडे आहेत. वाट सोडण्याची सोय नव्हती. होकायंत्र हातात धरून, वाटेतला दगड न् दगड पाहत चाललो. वेळ फार गेला. खाली डांबरी सडकेवर आलो, तेव्हा तीन वाजले होते.

समोर पेन-ई-गेंट. उंची अवघी ६९४ मीटर, कळसूबाईच्या निम्मीही नाही. पलीकडे हॉर्टन. मनात आले, एवढ्याशा टेकडीला काय भ्यायचे? पण दिसत होता फक्त पायथा, वरचे सगळे ढगात. सूर्य तासाभरात मावळणार. पडलो, पाय मुरगळला, तर हाकेला कोण? फोन काढला, तर तो बंद पडल्यासारखा मुका. मग तो कागद आठवला. वर गेलो तर पाचपर्यंत फोन होणार नाही. सडकेने गेलो तर कागदावरची वाट मोडेल आणि पाचनंतर लोक मला भलत्याच डोंगरावर शोधतील. म्हणजे सडकेने जायचे आणि पाचच्या आत कळवायचे. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण डोंगराकडे पाठ फिरवली.

सडकेने स्टेनफोर्थ गाव गाठले, तेव्हा मिट्ट काळोख पडला होता. पाच वाजायला दहा मिनिटे होती. फोन लागला. पहिल्याच घंटीला सूनबाईने उचलला. काही क्षण ती बोललीच नाही. मग म्हणाली, "काका, कागद समोर घेऊनच बसले होते."

श्रोते हो, त्या दिवशी मला कळले, पाण्यात मिसळलेला रंग आणि तो कागद, दोन्ही एकाच कामाचे. नजरेआड झालेले कुठे गेले, हे मागच्या माणसांना त्यावरून कळते. शाळेची मुले घेऊन गडावर जाणाऱ्या गुरुजींनी, एकट्याने रानात जाणाऱ्या प्रत्येकाने, असा एक कागद घरी ठेवून जावा. आणि त्यावरची वेळ पाळण्यासाठी शिखर सोडावे लागले, तर खुशाल सोडावे. पेन-ई-गेंट अजून तिथेच आहे. पुढच्या खेपेला, दिवस मोठा असताना, जाईन म्हणतो. कागद लिहून ठेवूनच.