फुकटाच्या बक्षिसाची किंमत

ब्रिटनमधील ऑनलाइन कॅसिनो नव्या खेळाडूला ‘बोनस’ देऊ करतात. समजा, बोनस 50 पौंडांचा आणि शर्त तीसपट खेळण्याची. म्हणजे 1500 पौंडांचे डाव लावल्याखेरीज त्यातली दमडीही हाती पडत नाही. लावलेल्या रकमेतून शेकडा 4 पौंड कंपनीकडे राहत असतील, तर सरासरीने 60 पौंड गेले. दान 50 चे, वसुली 60 ची! गावच्या सावकारालाही हा हिशेब सुचला नसता.

तंटा उभा राहतो तो पैसे मागताना. ठरल्याहून मोठा डाव लावला, वर्ज्य खेळ खेळला, अशी कलमे तेव्हा पुढे येतात आणि जिंकलेले जप्त होते. खेळाडूने राजीखुशीने करार केला, असे कंपन्या सांगतात. एकाने मसुदा लिहावा, दुसऱ्याने तो न वाचता मान्य करावा, याला करार कसे म्हणायचे? 2021 साली लंडनच्या उच्च न्यायालयाने सुमारे 17 लाख पौंड अडवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध निकाल दिला. वाद बोनसचा नव्हता, खेळातील तांत्रिक बिघाडाचा होता. पण कंपनीने पुढे केलेली कलमे खेळाडूच्या पुरेशी नजरेस आणलेली नव्हती, हे न्यायालयाने मान्य केले.

2018 साली तेथील स्पर्धा प्राधिकरणाने काही कंपन्यांकडून हमी घेतली, की खेळाडूला स्वतः भरलेले पैसे काढून घेता येतील. स्वतःचेच पैसे! जानेवारी 2026 पासून पटीची मर्यादा दहावर आली. वरच्या उदाहरणात आता 20 पौंडच जातील. बोनस संपल्यानंतरच्या डावांवर मात्र शेकडा 4 ची वसुली चालूच राहील.