रणातली रेघ

भाईंदरच्या मिठागरांवर पावसाळ्यात पाणीच पाणी असतं आणि उन्हाळ्यात तिथेच मिठाच्या राशी दिसतात. नकाशात अशा जागेला काय म्हणायचं, जमीन की पाणी? प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नावर दोन देश आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभे राहिले होते. जागा होती कच्छचं रण.

पावसाळ्यात रणात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी शिरतं. ते ओसरलं की मिठाने पांढरी पडलेली ओसाड सपाटी उरते. १६ जून १८१९ च्या भूकंपाने तर तिथला भूगोलच बदलला. सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि त्याच्या उत्तरेला मैलोगणती लांब उंचवटा वर आला. लोकांनी त्याला नाव दिलं ‘अल्ला बंद’, म्हणजे देवाने घातलेला बांध.

अशा प्रदेशाची मोजणी म्हणजे कसोटीच. थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून नेम धरायला उंच खूण नाही, आणि उन्हात मृगजळ नजरेला चकवतं. तरीही इंग्रजी अमदानीत मोजणीदारांनी हे रण कागदावर आणलं. सिंध तेव्हा, म्हणजे १९३६ पर्यंत, मुंबई इलाख्यातच होता आणि कच्छ हे शेजारचं संस्थान. त्यांच्यामधल्या रेघेची फारशी चिंता कोणाला नव्हती.

फाळणीनंतर ती रेघ आंतरराष्ट्रीय सीमा झाली. एप्रिल १९६५ मध्ये तिथे लढाई झाली आणि पुढे वाद लवादाकडे गेला. पाकिस्तानचं म्हणणं, रण हे समुद्रासारखं आहे, तेव्हा सीमा मधोमध हवी. भारताने जुने नकाशे पुढे ठेवले: सीमा रणाच्या उत्तर काठावर आहे. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निकाल लागला. वादातल्या सुमारे ९,००० चौरस किलोमीटरपैकी जवळपास नव्वद टक्के भाग भारताकडे राहिला.

पण छाड बेट पाकिस्तानला गेलं. बेट म्हणजे रणातली गवताळ उंच जागा. तिथे सिंधकडची गुरं चरत आणि सिंधच्याच सरकारचा अंमल चाले, याचे दाखले लवादाने मोलाचे मानले. कागदावरच्या रेघेपेक्षा तिथला वापर वरचढ ठरला.

आपल्याकडे भरतीरेषेचे नकाशे तयार होतात, तेव्हा हे आठवावं. नकाशात कोरी दिसणारी खाजण जमीन किंवा उत्तनचा किनारा रिकामा नसतो. कोणी तिथे मीठ पिकवतो, कोणी बोंबील वाळवतो. त्यांची नोंद आजच व्हायला हवी. वाद उभा राहिल्यावर दाखले शोधणं फार अवघड जातं.