एका मतानं वाचलेली वेस



1960च्या दशकातली जर्मनीची पन्नास मार्कांची नोट कुणाच्या संग्रही असेल, तर तिची मागची बाजू पाहा. दोन जाडजूड बुरुजांची, टोकदार छपरांची एक वेस दिसेल. ही उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेक शहराची होल्स्टेनटोर. प्रत्यक्षात तिचे बुरुज चक्क कललेले आहेत. 1464 ते 1478 या काळात, दलदलीच्या जमिनीवर ती उभी राहिली आणि खचत गेली. तोफांसाठी ठेवलेल्या सगळ्यांत खालच्या जंग्या आज जमिनीखाली आहेत. बाहेरच्या बाजूची भिंत साडेतीन मीटरपर्यंत जाड, गावाकडची मात्र मीटरभरही नाही. परक्याला तोफा दाखवायच्या आणि गावकऱ्यांना खिडक्या. हिशेबी व्यापाऱ्यांचं गाव ते!

या भागात बांधकामाला दगड नाही, म्हणून वेस काय, चर्च काय, सगळं भाजक्या विटांचं. सेंट मेरी चर्चची कमान जमिनीपासून 38 मीटरांहून उंच आहे, आणि तीही विटांचीच. एवढा पैसा आला कुठून? बराचसा मिठातून. दक्षिणेला ल्यूनेबुर्ग इथं खाऱ्या पाण्याचे झरे. समुद्रापलीकडे, आज स्वीडनमध्ये असलेल्या किनाऱ्यावर, हेरिंग मासळीचे थवेच्या थवे. मासळी टिकवायला मीठ हवं, आणि उपासाला मांस वर्ज्य असणाऱ्या ख्रिस्ती युरोपला मासळी हवी. ल्यूबेक नेमकं मधोमध. पूर्वी मीठ गाड्यांनी यायचं, 1398 मध्ये कालवा पुरा झाल्यावर होड्यांनी यायला लागलं. हान्झा या व्यापारी शहरांच्या संघाचं पुढारपण ल्यूबेककडे होतं, त्यात या खारवलेल्या मासळीच्या पिंपांचा वाटा मोठा. वेशीशेजारी मिठाची कोठारं अजून उभी आहेत. वेशीहून ती बरीच नंतरची. ‘नोस्फेरातू’ या 1922च्या मूकपटातलं पिशाच्च बिऱ्हाड करतं ते याच कोठारांत!

अशा वैभवाची ही वेस एकोणिसाव्या शतकात गावाला अडगळ वाटू लागली. रेल्वे आली, तटबंदी गेली, वेशीची पडझड झाली. पाडायची की ठेवायची, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. अखेर 1863 मध्ये मतदान झालं आणि वेस एका मतानं वाचली. पुढे 1871 मध्ये डागडुजी करताना रोमच्या थाटात तिच्यावर सोनेरी लॅटिन अक्षरं चढवली. पाहणाऱ्याला ती वेशीइतकीच जुनी वाटतात. वारशाला असा मुलामा देण्याची हौस मला तरी पटत नाही. पण याच गावात त्याहून मोठा मुलामा व्हायचा होता.

28 मार्च 1942च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर आगीचे बॉम्ब टाकले. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यातल्या प्रचंड घंटा फरशीवर कोसळल्या. आगीनं भिंतीवरचा चुना उडाला आणि त्याखाली मध्ययुगीन चित्रांचे अवशेष दिसू लागले. युद्धानंतर त्यांच्या जतनाचं काम निघालं. लोटार माल्स्काट नावाचा चित्रकार परांचीवर चढला. 1951 मध्ये, चर्चच्या सातशेव्या वर्षी, चान्सेलर आडेनाउअर यांच्या उपस्थितीत चित्रांचं अनावरण झालं, पोस्टाची तिकिटंही निघाली. वर्षभरातच माल्स्काटनं जाहीर केलं की चित्रं माझी आहेत. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्यानं स्वतःविरुद्धच फिर्याद दिली! खटला चालला, शिक्षा झाली आणि गाभाऱ्यातली ती चित्रं पुसून टाकली गेली.

घंटा मात्र पडल्या तिथंच आहेत. तडकलेल्या, वाकलेल्या, फरशीत रुतलेल्या. चर्च नव्यानं उभं केलं, पण त्या उचलल्या नाहीत, जोडल्या नाहीत. समोर लोखंडी जाळी लावली, एवढंच. ल्यूबेकनं केलेलं सर्वांत शहाणं जतन हेच, असं माझं मत.

1987 मध्ये युनेस्कोनं ल्यूबेकला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही अख्खं शहर नाही. युद्धानंतर पूर्णपणे नव्यानं बांधलेले भाग त्यातून वगळलेले आहेत.