तक्रारीनंतरचा हुकूम

नोकराने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली, म्हणजे धन्यापुढे दोन कर्तव्ये उभी राहतात. एक, त्या तक्रारीचा निवाडा करणे. आणि दुसरे, तक्रार करणाऱ्याचे रक्षण करणे. पहिल्याची आठवण बहुतेक संस्थांना असते. दुसऱ्याची आठवण पुष्कळदा न्यायालयाचे समन्स हाती पडल्यावर होते, आणि तोवर मूळ तक्रारीहून जड असा सूडबुद्धीचा आरोप धन्याच्या माथी आलेला असतो. अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीचा खटला या बाबतीत मोठा बोधप्रद आहे.

त्या देशात १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी केली. आणि अशा भेदभावाविरुद्ध दाद मागणाऱ्यास त्याबद्दल त्रास देणे, हेही स्वतंत्रपणे बेकायदा ठरविले. १९९७ च्या जूनमध्ये टेनेसी राज्यात बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेच्या यार्डात शीला व्हाइट ही स्त्री रुळांच्या देखभालीच्या खात्यात नोकरीस लागली. त्या खात्यात ती एकटीच स्त्री. माल उचलणारे फोर्कलिफ्ट यंत्र चालविणे हे तिचे मुख्य काम. स्त्रियांनी या खात्यात काम करू नये असे आपला मुकादम वारंवार बोलतो व पुरुषांदेखत अपमान करतो, अशी तक्रार तिने सप्टेंबरात केली. कंपनीने चौकशी केली, मुकादमास १० दिवस कामावरून दूर ठेवले आणि वर्तनाचे धडे घेण्यासही पाठविले. येथवर कंपनीस नावे ठेवण्यास जागा नाही.

परंतु मुकादमास शिक्षा झाल्याची वार्ता ज्या अधिकाऱ्याने व्हाइटला सांगितली, त्यानेच त्याच वेळी, तिचे फोर्कलिफ्टचे काम काढून घेतल्याचेही तिला सांगितले. ते काम कमी कष्टाचे व स्वच्छ. तेव्हा ते अधिक जुन्या पुरुष नोकराकडे जावे असे इतरांचे म्हणणे आहे, हे त्याचे कारण! हुद्दा तोच, वेतन तेच. वाट्याला मात्र रुळांवरची अंगमेहनत आली. तिने सरकारी आयोगाकडे धाव घेतली. डिसेंबरात एका वरिष्ठाशी तिचा खटका उडाला आणि आज्ञाभंगाच्या आरोपावरून तिला बिनपगारी घरी बसविण्यात आले. कंपनीच्याच अंतर्गत चौकशीत तो आरोप टिकला नाही, व ३७ दिवसांचे वेतन तिला मागाहून मिळाले.

मग नुकसान ते कोणते झाले, असा कंपनीचा न्यायालयात सवाल होता. ज्यूरीने ४३,५०० डॉलर भरपाई देवविली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल व्हाइटच्या बाजूनेच कायम केला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील कसोटी अशी की, ज्या कृत्याच्या धाकाने एखादा समंजस नोकर तक्रार करण्यापासून परावृत्त होऊ शकेल, ते कृत्य सूडाचे ठरू शकते. सहकाऱ्यांचा तुटकपणा किंवा किरकोळ कुरबुरी तीत बसत नाहीत. परंतु ऐन नाताळात घरी पगार नाही आणि नोकरी राहते की जाते याचा पत्ता नाही, हा काळ मागाहून मिळालेल्या रकमेने पुसला जात नाही. शाळेतील मुलांनाही हे उमगते. वर्गनायकाविरुद्ध बोललेल्या मुलास दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर बसविले, तर मास्तरांचे कारण कितीही रास्त असो, वर्ग त्यातून एकच धडा घेतो.

कंपनीची चौकशी चोख होती. उणीव होती ती तिसऱ्या डोळ्याची. तक्रारीनंतर काही महिने त्या नोकराच्या कामाची वाटणी, बदली, रजा व शिक्षा यांविषयीचा प्रत्येक हुकूम त्या खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने आधी पाहावा. त्याने दोनच प्रश्न विचारावेत. तक्रार झाली नसती तरी हा हुकूम निघाला असता काय? आणि हाच दोष दुसऱ्याकडून घडता, तर त्यासही हीच शिक्षा झाली असती काय? त्याची नजर आप्तांवरही हवी. वाग्दत्त वधूने भेदभावाची तक्रार केल्याचे मालकास कळल्यावर तीन आठवड्यांत बडतर्फ झालेल्या एका नोकरास २०११ साली त्याच न्यायालयाने दाद मागण्याची मुभा दिली.

याचा अर्थ तक्रारदारास हात लावूच नये, असा मुळीच नाही. नेवाडातील क्लार्क काउंटीच्या शाळामंडळाविरुद्ध एका नोकर स्त्रीने बदलीवरून असाच दावा केला होता. परंतु वरिष्ठ बाईंनी त्या बदलीचा विचार कर्मचारी संघाच्या पदाधिकाऱ्याजवळ १० एप्रिल १९९७ रोजीच बोलून दाखविला होता; दाव्याचे समन्स आले ११ एप्रिलला! आधी योजलेली गोष्ट पुढे चालविणे हा सूडाचा पुरावा नव्हे, असे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. एका दिवसाच्या अंतराने मंडळाची बाजू सावरली. तो विचार त्या बाईंच्या मनातच राहिला असता, तर तो सिद्ध करणे कठीण गेले असते. म्हणून बदलीची योजना व कामावरचे शेरे ज्या त्या वेळी, तारखेनिशी, कागदावर असावेत. तक्रारीनंतर एकाएकी दाट होणारी शेऱ्यांची वही पाहून कोणता न्यायाधीश फसेल?

भारतात कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्याच्या नियमांत हीच दक्षता दिसते. पीडित स्त्रीने लेखी विनंती केल्यास, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिच्या कामाचा अहवाल वा गोपनीय शेरा लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस समितीस करता येते. चौकशी चालू असता दोघांपैकी एकाची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, हीही तिच्याच लेखी विनंतीवरून. ही अट महत्त्वाची आहे. कारण तिच्याच भल्यासाठी म्हणून न मागता केलेली बदली हा सूडाचा फार सभ्य प्रकार होय.

राहता राहिली ती लहान पेढी, जेथे मालक हाच वरिष्ठ व तोच न्यायाधीश. दहाहून कमी नोकर असल्यामुळे जेथे समिती नेमलेली नाही, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे वाट करून दिली आहे. तरी रोजच्या हुकुमाची लेखणी मालकाच्याच हाती उरते. अशा मालकाने त्या नोकराविषयीचा कोणताही कागद सही करण्यापूर्वी बाहेरच्या वकिलास दाखवावा, आणि वकिलाने मान हलविली तर तो कागद फाडून टाकावा.