यांत्रिक कारभारी आणि त्याची वापरपुस्तिका

व्यायामाची रोजनिशी ठेवणारीं माणसें पूर्वींहि होतीं. जोर किती, बैठका किती, फिरणें किती, हें वहींत उतरलें कीं काम झालें. वही लिहिणारा आणि वाचणारा एकच असल्यामुळें ‘आजहि कालच्याप्रमाणें’ एवढें टिपण पुरत असे. आज ती वही मनगटावरच्या घड्याळांत गेली आहे; तेथून ती स्ट्राव्हासारख्या कंपनीच्या दप्तरखान्यांत जाते; आणि ती वाचावयास एआय एजंट नांवाचा एक यांत्रिक कारभारी बसूं लागला आहे. धन्यानें विचारावें, ‘या आठवड्यांत माझें धांवणें कसें झालें?’ आणि कारभाऱ्यानें नोंदी मागवून उत्तर द्यावें, असा हा व्यवहार आहे.

नोंदी आणून देणारें सॉफ्टवेअर हा या व्यवहारांतला पट्टेवाला. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाचा संकेत प्रसिद्ध केला, आणि असे पट्टेवाले घडविण्याची एक समान रीत मिळाली. त्या संकेतानुसार प्रत्येक साधन आपलें नांव, आपल्या कामाचें वर्णन आणि आपणांस काय काय कळवावें लागतें त्याचा आराखडा कारभाऱ्यापुढें ठेवतें. कारभारी साधनाच्या पोटांत डोकावत नाहीं. या चार ओळी वाचून तो साधनाला केव्हां बोलवावें आणि आलेल्या आंकड्यांचा अर्थ काय लावावा हें ठरवितो. माणसाला पुस्तिकेंत कांहीं उणें दिसलें तर तो थबकतो, कोणास तरी विचारतो. हा वाचक पुष्कळदां विचारीत नाहीं. रिकामी जागा संभवनीय वाटेल त्या अर्थानें भरून काढतो, आणि तेंहि मोठ्या ऐटीच्या भाषेंत.

स्ट्राव्हाच्या दप्तरांत वेग ‘सेकंदाला इतके मीटर’ या मापानें असतो. २.५ हा आंकडा म्हणजे तासाला ९ किलोमीटर, अर्थात् किलोमीटरला ६ मिनिटें ४० सेकंद. नवशिक्यानें समाधान मानावें अशी ही चाल आहे. पण माप सांगावयाचें राहिलें तर तीच तासाला अडीच किलोमीटरांची रपेट ठरण्याची भीति. धांवतांना पडणाऱ्या पावलांचा दर मिनिटाचा आंकडा तर एकाच पायाचा असतो. ८५ असेल तर दोन्ही पायांचीं मिळून १७० पावलें. वेळहि दोन प्रकारचा मिळतो: प्रत्यक्ष हालचालीचा, आणि आरंभापासून शेवटापर्यंतचा सगळा. सिंहगडावर पिठलें-भाकरीसाठीं घालविलेला पाऊण तास दुसऱ्यांत येतो, पहिल्यांत येत नाहीं. पुण्यांत सोमवारीं पहाटे ५ वाजतां निघालेल्या धांवपटूची नोंद जागतिक वेळेप्रमाणें रविवारीं रात्रीं ११.३० ची होते. दप्तरांत स्थानिक वेळहि असते. साधन त्यांतली कोणती देतें हें लिहिलें नाहीं, तर आठवड्याचा हिशेब पहिल्याच दिवशीं चुकतो.

खरी अवघड गोष्ट आहे ती नसलेल्या माहितीची. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा एखादे दिवशीं घरीं राहिला तर त्या नोंदींत ठोक्यांचा रकानाच येत नाहीं. साधन रचणाऱ्यानें सोयीसाठीं तेथें शून्य घातलें तर काय होतें पाहा. तीन दिवस सरासरी १५० ठोके, चौथ्या दिवशीं शून्य. चार दिवसांची सरासरी ११२.५. ‘हृदय निवांत आहे, श्रम वाढविण्यास हरकत नाहीं,’ असा सल्ला यांतून सहज निघूं शकतो. आणि तो घेणारा गृहस्थ नुकताच हृदयविकाराच्या दुखण्यांतून उठलेला असला तर ही नुसती अंकगणिताची चूक उरत नाहीं. शून्य घालूं नये हें तर झालेंच, शिवाय वर्णनांत एक वाक्य हवें: ‘रकाना नसल्यास मोजमाप झालेलें नाहीं, तो दिवस सरासरींत धरूं नये.’

परवानगीचेंहि तसेंच. ‘केवळ मलाच दिसावें’ अशी खूण केलेल्या नोंदी साध्या परवानगीनें मिळत नाहींत, त्यांना निराळी परवानगी लागते. हें ठाऊक नसलेला कारभारी बारांपैकीं सातच नोंदी पाहतो आणि धन्याला आळशी ठरवितो.

दप्तरांत धांवण्याच्या वाटेचा नकाशाहि असतो, आणि धांवणें बहुधा घराच्या दारांतूनच सुरू होतें. स्ट्राव्हानें नोव्हेंबर २०१७ मध्यें जगभरच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हां सीरिया व अफगाणिस्तान येथील लष्करी तळांचे आकार त्यांत उजळून आल्याचें जानेवारी २०१८ मध्यें लोकांच्या ध्यानांत आलें. नकाशा पुढें जातो कीं गाळला जातो, हें पुस्तिकेच्या आरंभींच असावें. मात्र सगळेंच वर्णनांत कोंबणें बरें नव्हे. त्याचा प्रत्येक शब्द कारभाऱ्याच्या मर्यादित स्मरणांत जागा अडवितो.

राहिली अपयशाची भाषा. मागण्या ठराविक संख्येबाहेर गेल्या कीं स्ट्राव्हा ४२९ हा आंकडा पाठवून नकार कळविते. साधनानें तो नकार गिळून रिकामी यादी पुढें केली, तर ‘या आठवड्यांत आपण व्यायामच केला नाहीं’ असें सांगून कारभारी मोकळा होतो. त्याऐवजीं ‘नोंदी मिळाल्या नाहींत, थोड्या वेळानें पुन्हां मागाव्या’ असा स्पष्ट निरोप परत यावा, आणि तो तसा येईल हें पुस्तिकेंत आधींच लिहिलेलें असावें.