गोळी आणि गाल



आम्ही संघटनेची माणसे. वैद्यकी शिकलो ती कामगारांच्या उशाशी बसून. १ एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीची औषधे मोफत देऊ लागले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे पुन्हा पाळीवर आली. परंतु पुष्कळांच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन असे. त्याने गालांची, हातापायांची चरबी झडे. सख्ख्या भावालाही न सांगितलेले गुपित बसक्या गालांनी सगळ्या खात्याला सांगितले. आमचा एक सोबती भिंतीकडे तोंड करून डबा खाऊ लागला.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध हळूहळू बंद करण्यास सांगितले. आजच्या डोल्युटेग्रॅव्हिरने गाल बसत नाहीत. उलट काहींचे वजन वाढते, क्वचित साखरही चढते. म्हणून औषध टाकावे काय? मुळीच नाही. साखर, रक्तातली चरबी, रक्तदाब तपासून घ्यावा. पण कामगार तपासणीलाच भितो. कारखान्याच्या दवाखान्यात कागद उघडला तर? २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीपायी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तो कायदा आम्ही खिशात घेऊन हिंडतो. तरी परवा एकाची साखर तपासायला पहाटेच्या गाडीने शेजारच्या गावी गेलो, उपाशीपोटी, दोघेही.